रिचर्ड कॉब आणि ‘बॉम्बे चर्च’चा वृत्तान्त

लंडन येथे १७६६ साली ‘बॉम्बे चर्च’ या नावाचे एक पुस्तक प्रसिद्ध झाले. मुंबई बेटावरील इंग्रजी चर्च कसे उभे राहिले, त्याला देणग्या कोणाच्या मिळाल्या आणि पैशाचा विनियोग कसा झाला, याचा खरा वृत्तान्त देण्याची प्रतिज्ञा त्या काळच्या रिवाजाप्रमाणे लांबलचक शीर्षकातच केलेली आहे. पुस्तकाचा कर्ता रेव्हरंड रिचर्ड कॉब हा ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई येथील वखारीचा एके काळचा पाद्री होय. मुंबईस तो १७१४ मध्ये आला व १७२० मध्ये स्वदेशी परतला. म्हणजे ज्या घटनांचा हा वृत्तान्त आहे त्या घडून गेल्यावर जवळजवळ अर्धशतकाने तो छापला गेला.

मुंबईच्या इतिहासकारांनी या पुस्तकाचा उपयोग बहुधा एकाच कामासाठी केला. सेंट टॉमस चर्चच्या पायाभरणीची व उद्घाटनाची तारीख त्यातून घ्यावयाची आणि ग्रंथ बाजूस ठेवावयाचा, अशी परिपाठी पडून गेली. मराठीच्या अभ्यासकांना तर त्याची दखल घेण्याचे कारणच वाटले नाही. परंतु या ग्रंथात उद्घाटनाच्या प्रसंगाचे जे वर्णन आहे, त्यातील एका वाक्यात एक मराठी नाव येते. त्या नावाचा मागोवा घेतला असता कॉबच्या लेखनाचे स्वरूप आणि त्याची मर्यादा या दोन्ही गोष्टी स्पष्ट होतात.

कॉब आला त्या वेळची मुंबई फारशी कोणाला हेवा वाटावा अशी नव्हती. १६६१ च्या विवाहकराराने इंग्रज राजाकडे आलेले आणि १६६८ मध्ये कंपनीकडे सोपविलेले हे बेट तिन्ही बाजूंनी परक्या सत्तांच्या दृष्टीखाली होते. साष्टी व वसई पोर्तुगीजांकडे, जंजिरा सिद्दीकडे आणि कुलाबा व खांदेरी कान्होजी आंग्रे यांच्याकडे. बाळाजी विश्वनाथाने १७१४ मध्येच कान्होजींना शाहूंच्या पक्षाकडे वळविले होते आणि त्यामुळे किनाऱ्यावरील त्यांचे बळ वाढले होते. हवापाण्याची अवस्था याहून वाईट होती. सुरतेचा पाद्री जॉन ओव्हिंग्टन याने आपल्या १६९६ सालच्या प्रवासवर्णनात मुंबईविषयीची जी म्हण नोंदविली आहे, तिचा आशय असा की येथे दोन पावसाळे काढले म्हणजे माणसाचे आयुष्य सरले. कॉबने येथे सहा पावसाळे काढले आणि त्यानंतर इतकी वर्षे जगून पुस्तक लिहिले, हा अपवादच म्हणावयाचा.

या वखारीत किल्ला होता, टांकसाळ होती, परंतु चर्च नव्हते. उपासना किल्ल्यातील खोल्यांत चालत असे. चर्चचा संकल्प मात्र जुना होता. जेरल्ड आँजिये गव्हर्नर असताना (१६६९–७७) काम सुरू होऊन भिंती काही हात वर आल्या आणि तेथेच थांबल्या. अलेक्झांडर हॅमिल्टन नावाच्या नौकाधिपतीने १७२७ मध्ये आपले पूर्वेकडील देशांचे वर्णन प्रसिद्ध केले, त्यात या रखडलेल्या कामाची हकीकत आहे. चर्चसाठी पाच हजार पौंडांहून अधिक रक्कम जमली होती, ती सर जॉन चाइल्डने गिळंकृत केली आणि भिंती पाच वार उंचीवर तशाच राहिल्या, असे तो सांगतो. हॅमिल्टनची जीभ तिखट होती आणि कंपनीच्या अधिकाऱ्यांविषयी त्याला मुळीच प्रेम नव्हते, ही गोष्ट लक्षात ठेवून त्याचे आकडे वाचावयास हवेत. शिवाय आरंभाचे श्रेय तो आँजियेस न देता सर जॉर्ज ऑक्झेंडनला देतो. पण अर्धवट भिंती चाळीस वर्षे उभ्या होत्या, याविषयी मतभेद नाही. दर रविवारी खोलीत प्रवचन करणाऱ्या नव्या पाद्र्याच्या डोळ्यांस त्या खुपल्या असल्यास नवल नाही.

कॉबने १७१५ च्या जून महिन्यात चर्चच्या आवश्यकतेवर प्रवचन केले. ते संपल्यावर गव्हर्नर एझलाबी याच्याशी त्याचे जे बोलणे झाले, ते त्याने पुस्तकात संवादरूपाने दिले आहे. आज पाद्रीबुवांना चर्चविषयी मोठाच आवेश चढला होता, असे गव्हर्नर थोडे थट्टेने म्हणतो. कॉब नम्रपणे पण न माघारता उत्तर देतो. तेव्हा चर्च हवेच असेल तर होऊन जाऊ द्या, एक वही तयार करा, कोण किती देतो ते तीत लिहून घ्या, पहिला आकडा माझा, असे सांगून गव्हर्नर विषय मिटवितो. संपूर्ण पुस्तकातील हा सर्वांत जिवंत भाग होय. अर्धशतकापूर्वीचे संभाषण शब्दशः आठवणे शक्य नाही, हे खरे. तथापि वखारीतील कारभाराची रीत या संवादात अचूक उतरली आहे. धर्मकार्य असो वा मिरीची खरेदी, प्रथम वही उघडावयाची आणि वरिष्ठाने पहिला आकडा टाकावयाचा. वरिष्ठाचा आकडा पडल्यावर कनिष्ठांस हात आखडता घेणे अवघड जात असणार, हे सांगावयास नको.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात पायाचा दगड बसला आणि वर्षाअखेरीस चार्ल्स बून हा नवा गव्हर्नर आला. यापुढचा ग्रंथ मुख्यत्वे वहीचा विस्तार आहे. कंपनीच्या इतर वखारींना पाठविलेली विनंतीपत्रे, वर्गणीदारांच्या याद्या, खर्चाची कलमे असे त्याचे स्वरूप आहे. कॉबच्या लेखणीत वाङ्मयीन गुण शोधू जाणाऱ्याच्या हाती फारसे काही लागणार नाही. त्याच्या पत्रांत विनंती आहे, स्मरण आहे, क्वचित लाजविणेही आहे. परंतु देणाऱ्याचे नाव व दिलेली रक्कम यांच्या पलीकडे त्याची दृष्टी सहसा जात नाही. पाद्र्याच्या पोटी एक हिशेबनीस दडलेला होता, असे म्हटल्यास अन्याय होणार नाही. उलट, हाच गुण इतिहासाच्या उपयोगाचा ठरतो. कारण हिशेब लिहिणारा मनुष्य समोर दिसते ते टिपतो आणि त्याचा अर्थ लावण्याच्या भरीस कमी पडतो.

भाषेच्या अभ्यासकास येथे एक प्रश्न पडल्यावाचून राहत नाही. इंग्लंडच्या राजाने १६९८ मध्ये दिलेल्या सनदेत पूर्वेकडील वखारींत येणाऱ्या पाद्र्यांविषयी एक कलम होते. पाद्र्याने आल्यापासून एका वर्षात पोर्तुगीज शिकावी आणि ज्या प्रदेशात राहावयाचे तेथील देशी भाषाही शिकण्याचा उद्योग करावा, म्हणजे कंपनीच्या चाकरीत वा दास्यात असलेल्या हिंदूंना धर्मोपदेश करता येईल, असा त्याचा हेतू होता. मुंबईपुरता देशी भाषेचा अर्थ मराठी असाच होतो. या कलमाची मुंबईत काय वाट लागली, त्याचे ‘बॉम्बे चर्च’ हे एक प्रमाण आहे. कॉब येथे सहा वर्षे राहिला, पण मराठीच्या अभ्यासकांच्या नामावळीत त्याला जागा मिळत नाही. ज्या काळात तो वर्गणी गोळा करीत होता, त्याच काळात तरंगंबाडीस बार्थोलोमेउस त्सीगेनबाल्ग हा लूथरपंथी धर्मोपदेशक तमिळ आत्मसात करून नवा करार तमिळात छापून घेत होता. त्याच्याही शंभर वर्षे आधी फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने गोव्यात ‘ख्रिस्तपुराणा’ची ओवी मराठीत रचली होती, तो ग्रंथ १६१६ मध्ये राचोल येथे छापला गेला. म्हणजे इंग्रजाच्या जिभेस मराठी वळत नव्हती असे नाही. अँग्लिकन पाद्री कंपनीच्या नोकरांचा पाद्री होता, देशी लोकांचा नव्हे, हे याचे खरे कारण होय. त्याचा कळप इंग्रजी बोलणारा होता. सनदेतील कलम लंडनमध्ये लिहिलेले होते आणि तेथेच राहिले.

यामुळे कॉबच्या ग्रंथात देशी माणसे दिसतात ती बाहेरून, गर्दीच्या रूपाने. अशा गर्दीचे एकच वर्णन महत्त्वाचे आहे.

नव्या चर्चचे उद्घाटन नाताळच्या दिवशी, म्हणजे २५ डिसेंबर १७१८ रोजी झाले. ही तारीख इंग्रजांत १७५२ पर्यंत चालू असलेल्या जुन्या पंचांगाची होय. आजच्या गणनेप्रमाणे तो दिवस ५ जानेवारी १७१९ येतो. पोर्तुगीजांनी ग्रेगरीचे पंचांग केव्हाच स्वीकारले होते. तेव्हा खाडीपलीकडे वांद्र्यास नाताळ होऊन अकरा दिवस उलटल्यावर किल्ल्यातील इंग्रजांनी तो साजरा केला. गव्हर्नर बून कौन्सिलच्या सभासदांसह किल्ल्यातून मिरवीत आला, पाद्र्याने त्याला दाराशी सामोरे जाऊन आत नेले, एका बालकाचा बाप्तिस्मा झाला व त्यास खुद्द गव्हर्नर धर्मपिता म्हणून उभा राहिला. उपासनेनंतर मंडळींनी नव्या चर्चच्या यशार्थ मद्याचे पेले घेतले. हे सर्व सांगत असतानाच कॉब सहज लिहून जातो की, सभोवार काळ्या लोकांचा मोठा जमाव उभा होता, त्यात ‘रम्माजी’ व त्याची सारी जात होती, आणि उपासनेतील शिस्त व सभ्यता पाहून ते इतके प्रसन्न झाले की शेवटपर्यंत उभे राहिले.

प्रथम नावाचा विचार करू. कॉब ते ज्या रोमन अक्षरांत लिहितो त्यात ‘म’ द्वित्त आहे आणि अखेरीस ‘जे’ या वर्णाच्या जागी ‘जी’ हा वर्ण व त्यापुढे दोन ‘ई’ आहेत. ही पद्धत त्या काळच्या इंग्रजी कागदांत रूढ होती. शिवाजी, संभाजी, कान्होजी ही नावे त्यांत अशीच लिहिलेली आढळतात. त्यावरून मूळ नाव ‘रामाजी’ असे ठरते. अखेरच्या ‘जी’पूर्वी स्वर लिहिलेला असल्याने ‘रामजी’पेक्षा ‘रामाजी’ हे रूप अधिक जुळते. मुंबईच्या इतिहासकारांनी हा गृहस्थ म्हणजे रामा कामती असे मानले आहे आणि ते योग्य दिसते. कंपनीच्या कागदांतही तो ‘रामाजी कामती’ असाच येतो. हे आडनाव शेणव्यांतील ‘कामत’ या आडनावाशी निगडित आहे. परंतु रोमन लिपीत त, ट व ठ यांचा भेद दिसत नसल्यामुळे पुढील काही लेखकांनी ते ‘कामाठी’ असे वाचले आणि एका सधन शेणवी व्यापाऱ्यास तेलंगणातून आलेल्या कष्टकरी समाजात नेऊन बसविले. परकीय लिपीत गेलेले नाव परत आणताना किती सावधगिरी हवी, याचे हे उत्तम उदाहरण होय.

‘जात’ हा शब्दही तपासून घेण्याजोगा आहे. इंग्रजीने तो पोर्तुगीजांकडून उचलला. आज जो काटेकोर अर्थ त्याला आला आहे, तो १७१८ मध्ये होताच असे नाही. कूळ, वर्ग, जमात अशा कोणत्याही समुदायास तो लावला जाई. रामाजी हा नुसता व्यापारी नव्हता. कंपनीच्या देशी शिपायांवर त्याचा अधिकार चाले. तेव्हा त्याच्याभोवती त्या दिवशी उभी असलेली माणसे सारी शेणवी होती, असे कॉबच्या शब्दावरून निष्पन्न होत नाही. त्यांत गुमास्ते, शिपाई, चाकर असे आश्रित असण्याचा संभव अधिक आहे. बड्या माणसाबरोबर जो लवाजमा चालतो, त्यालाच कॉबने हे नाव दिले असावे.

राहता राहिले ते प्रसन्नतेचे कारण. जमाव अखेरपर्यंत उभा राहिला, ही डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट आहे; ती मान्य करण्यास हरकत नाही. तो उपासनेच्या सभ्यतेवर प्रसन्न होऊन उभा राहिला, हा मात्र कॉबचा तर्क आहे, आणि ज्यांची भाषा त्यास अवगत नव्हती त्यांच्या मनाविषयी तो आहे. रामाजी देवालयाच्या कामात नवखा नव्हता. पोर्तुगीजांनी पाडलेले वाळकेश्वराचे देऊळ त्याने १७१५ मध्ये नव्याने बांधविले होते, म्हणजे ज्या वर्षी किल्ल्यात चर्चचा पाया घातला गेला त्याच वर्षी. देवालयाच्या उद्घाटनाला गावच्या प्रतिष्ठिताने जावयाचे, सरकारस्वारी निघेपर्यंत थांबावयाचे, हा आपल्याकडील शिष्टाचार त्याला वेगळा शिकवावा लागला नसता. शिवाय त्याला या वेळी गव्हर्नरच्या दृष्टीसमोर राहणे आवश्यक वाटण्याजोगी परिस्थितीही होती. १७१८ च्या नोव्हेंबरातच बूनने खांदेरीवर केलेला हल्ला पुरता फसला होता. त्याआधीच्या वर्षी विजयदुर्गावरूनही इंग्रजांना हात हलवीत परतावे लागले होते. अशा पराभवानंतर वखारीत आरमाराच्या उणिवांपेक्षा फितुरीचीच चर्चा अधिक होते.

ती चर्चा रामाजीवर येऊन थांबली. १७२० मध्ये त्याच्यावर कान्होजी आंग्रे यांच्याशी संधान बांधल्याचा आरोप ठेवण्यात आला. खांदेरीच्या स्वारीची बातमी त्याने आधीच कळविली, असे दाखविणारे एक पत्र पुराव्यात आले. एका साक्षीदाराच्या अंगठ्यांवर लोखंडी पेच आवळून कबुली घेतल्याचे त्या खटल्याच्या कागदांतच नमूद आहे. न्यायासनावर बसलेले इंग्रज देशी पत्रव्यवहारासाठी दुभाषांवर व कारकुनांवर अवलंबून होते. पत्र खरे की बनावट, अक्षर कोणाचे, शिक्का कोणाचा, हे स्वतः पाहून ठरविण्याइतकी लिपीची ओळख त्यांच्यापैकी कितीजणांस असेल, याची कल्पना सनदेतील त्या कलमाच्या गतीवरून करता येते. रामाजीची मालमत्ता जप्त झाली आणि त्याला जन्मठेप मिळाली. तुरुंगातच १७२८ मध्ये तो मरण पावला. ते पत्र बनावट होते, असे नंतरच्या अभ्यासकांचे मत आहे.

१७२० हे वर्ष बूनच्या कारकीर्दीत अनेकांना जड गेले. पोर्तुगीज फ्रान्सिस्कन पाद्र्यांना त्याने त्याच वर्षी मुंबईतून घालवून दिले व तेथील रोमन कॅथलिक चर्चे कार्मेलाइट संघाच्या हाती दिली. ज्याच्या खटपटीने इंग्रजी चर्च उभे राहिले त्या कॉबचेही वरिष्ठांशी बिनसले आणि तोही त्याच वर्षी मायदेशी निघाला. हॅमिल्टनचे पुस्तक आले तेव्हा कॉबला इंग्लंडात परतून सात वर्षे झाली होती. त्यात चर्च पूर्ण केल्याचे श्रेय सरळ गव्हर्नर बूनच्या उदारतेस व त्याने इतरांकडून मिळविलेल्या मदतीस दिलेले आहे. जूनमधील ते प्रवचन, ती वही, वखारोवखारी गेलेली पत्रे, यांचा मागमूसही त्यात नाही. कॉबने आपल्या शीर्षकात ‘खरा’ हा शब्द का घातला असावा, याचे उत्तर येथे सापडते. चाळीस वर्षे कागद जपून ठेवून म्हातारपणी ते छापावयास काढणारा मनुष्य केवळ स्मरणरंजन करीत नाही. त्याला आपला दावा नोंदवावयाचा असतो. म्हणून या ग्रंथातील श्रेयासंबंधीची विधाने जपून वापरली पाहिजेत. याद्या, तारखा, रकमा यांना ते भय कमी.

याच निकषावर रामाजीविषयीचे वाक्य कोठे बसते, हे पाहणे अगत्याचे आहे. त्या वाक्याने कॉबचा दावा बळकट होत नाही की दुबळा होत नाही. महत्त्वाची गोष्ट अशी की, त्यात पुढे घडलेल्या प्रकाराची चाहूलही नाही. खटला ऐन मुंबईत झाला तेव्हा शहरातल्या इतक्या मोठ्या माणसाचा अधःपात कॉबच्या कानी गेला नाही, हे संभवत नाही. तो ठाऊक असलेल्या माणसाने १७६६ च्या सुमारास हे वर्णन नव्याने लिहिले असते तर ‘रामाजी’ हे नाव इतक्या निर्वेधपणे, जणू शहरात सर्वांच्या ओळखीचा एक भला गृहस्थ या नात्याने, खाली उतरले नसते. एक तर ते गळले असते किंवा त्याला एखादे विशेषण चिकटले असते. यावरून उद्घाटनाचे वर्णन त्या दिवसानंतर लवकरच, खटल्यापूर्वी लिहिलेले असावे आणि पुस्तक छापताना कॉबने जुन्या कागदावरून ते जसेच्या तसे उतरविले असावे, असे अनुमान निघते. गव्हर्नरबरोबरच्या संवादावर मात्र मागाहून हात फिरल्याची शंका घेण्यास जागा आहे. एकाच ग्रंथातील हे दोन थर वेगळे करून वाचले पाहिजेत.

पुण्याच्या लष्करातील सेंट मेरीज चर्च १८२५ मध्ये बिशप हीबरच्या हस्ते समर्पित झाले. त्यानंतर बारा वर्षांनी, १८३७ मध्ये, कॉबच्या चर्चला कॅथीड्रलचा दर्जा मिळाला. त्याकडे जाणाऱ्या तटाच्या दरवाजाला चर्चगेट म्हणत. तट व दरवाजा १८६० नंतरच्या दशकात पाडले गेले, पण शब्द मराठीत राहिला आणि आगगाडीच्या स्थानकाला मिळाला. वाळकेश्वराचे देऊळही आपल्या जागी आहे. कॉबच्या पुस्तकाचे मराठी भाषांतर व्हावे इतकी त्याची योग्यता नाही. परंतु त्यातील वर्गणीदारांच्या याद्या आणि रामाजी कामतीच्या खटल्याचे कागद एकत्र ठेवून, त्यांतील देशी नावांची मूळ रूपे एकेक करून निश्चित करण्याचे काम मराठीच्या एखाद्या संशोधक विद्यार्थ्याने हाती घेण्यासारखे आहे.